पालेभाजीचा रॅक: शेतकरी आठवडे बाजाराकडून सुपरमार्केटने काय घ्यावे

पुण्याच्या उपनगरांत आठवड्यातला एक ठरलेला दिवस शेतकरी बाजाराचा असतो. कृषी पणन मंडळाच्या पुढाकाराने हे बाजार सुरू झाले. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केल्यावर त्यांना जोर आला. खेड, आंबेगाव, जुन्नर, पुरंदर या भागांतून टेम्पो येतात, दुपारी मांडव पडतात आणि अंधार पडेपर्यंत माल संपतो. अशा मैदानापासून पाच मिनिटांवर एखादे सुपरमार्केट असते. त्याच्या भाजी विभागात वातानुकूलन आहे, चिलर आहे, पानांवर पाण्याचा फवारा मारणारी यंत्रणा आहे. तरीही संध्याकाळी सात वाजता तिथली मेथी मलूल पडलेली असते आणि मैदानातली टवटवीत. एवढा खर्च करूनही असे का होते आणि त्यावर काय करता येते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

अभ्यासाला वस्तू एकच घेतली आहे, मेथीची जुडी. पालेभाजी सर्वांत आधी माना टाकते, त्यामुळे शेतापासून दुकानापर्यंतच्या साखळीतला प्रत्येक दोष तिच्यावर उमटतो. दुकान नमुन्याचे आहे: मध्यम आकाराचे, एका साखळीतले, त्याच साखळीची शहरात आणखी दोन दुकाने. रुपयांचे आणि विक्रीचे आकडे हिशेब दिसावा म्हणून गोल धरले आहेत. ते काढून आपापल्या दुकानाचे आकडे घालून पाहावेत.

एकाच शेतातल्या दोन जुड्या

मंचरजवळच्या एका वाफ्यातली मेथी दोन वाटांनी पुण्यात येते असे समजू.

पहिली जुडी आठवडे बाजाराची. पहाटे सहाच्या सुमारास उपटणी होते. मुळांची माती झटकून किंवा हलके धुऊन जुड्या बांधतात, ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवतात आणि उन्हे चढायच्या आत टेम्पो भरतात. साठेक किलोमीटरचे अंतर. दुपारी तीनला मांडव लागतो आणि बहुतेक माल सात-साडेसातपर्यंत जातो. उपटणीपासून पिशवीत पडेपर्यंत नऊ ते चौदा तास.

दुसरी जुडी सुपरमार्केटची. उपटणी त्याच पहाटे. अकरापर्यंत माल कलेक्शन सेंटरवर जातो. तिथे प्रतवारी, वजन, क्रेट बदलणे. संध्याकाळी मोठी गाडी भरून वितरण केंद्रावर, रात्री दुकानवार वाटणी, पहाटे दुसरी गाडी, सकाळी सातला दुकानाचे मागचे दार, नऊला रॅक. ती विकली जाते मुख्यतः संध्याकाळी सहा ते नऊच्या गर्दीत. म्हणजे मेथी गिऱ्हाइकाच्या हाती पडते तेव्हा छत्तीस ते एकोणचाळीस तासांची असते. त्या दिवशी उरली तर आणखी चोवीस तास.

या छत्तीस तासांत ती चार वेळा हाताळली जाते आणि प्रत्येक वेळी सावलीतून उन्हात किंवा थंडाव्यातून उकाड्यात येते. उपटल्यावरही पान जिवंत असते. ते श्वास घेते, साठवलेली साखर जाळते आणि पाणी गमावते. तापमान दहा अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. पालेभाजीला शून्य ते दोन अंश तापमान आणि ९५ टक्क्यांच्या वर आर्द्रता मानवते. दुकानात चार अंशांचा चिलर असला तरी आधीचे चोवीस तास माल तीस अंशांत फिरला असेल, तर चिलर फक्त म्हाताऱ्या पानांना थंड करतो. गेलेला काळ परत मिळत नाही.

बाजारवाल्याकडे यंत्र एकही नाही, पण त्याची साखळी इतकी आखूड आहे की यंत्राची गरजच कमी पडते. सुपरमार्केटने बाजाराकडून घ्यायची पहिली गोष्ट हीच. प्रत्यक्षात मात्र लाकडी खोकी, गोणपाटाचे पडदे आणि बैलगाडीचे चाक आधी उचलले जाते. त्याने छायाचित्र चांगले येते, मेथी ताजी होत नाही.

रॅकवर काय बिघडते

वाटेतल्या नुकसानीत दुकान स्वतःची भर घालते. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे फवारा. पान थंड असेल तर पाण्याचे तुषार उपयोगी, कारण ते बाष्पीभवन रोखतात. रॅकच थंड नसेल तर तेच पाणी जुडीच्या गाभ्यात साचते आणि आतली पाने काळी, चिकट होतात. बाहेरून जुडी हिरवीगार, सोडली की आत वास. घट्ट रबर लावलेल्या जुडीत हे आणखी लवकर होते, म्हणून बाजारातल्या बायका सुतळीने सैल बांधतात. बंद प्लास्टिक पिशवीतली ओली मेथीही अशीच सडते. पिशवीला छिद्रे हवीत आणि भरताना पान पुसलेले नाही तरी निथळलेले हवे.

दुसरी चूक शेजाराची. पिकणारी केळी, पिकलेले टोमॅटो, पपई यांतून इथिलीन वायू सुटतो. त्यांच्या शेजारी ठेवलेली कोथिंबीर आणि मेथी लवकर पिवळी पडते. रंगसंगती छान दिसते म्हणून हिरव्याशेजारी लाल-पिवळे मांडण्याची पद्धत आहे. ती मांडणी पालेभाजीच्या जिवावर बेतते.

तिसरी चूक उलट दिशेची: थंडी नको तिथे थंडी. भेंडीला सात ते दहा अंश, काकडी-वांग्याला दहा ते बारा, टोमॅटोला बारा-तेरा अंश पुरे. हे सगळे मेथीबरोबर चार अंशांच्या चिलरमध्ये गेले की भेंडीवर काळे डाग येतात, काकडीवर पाणी सुटल्यासारखे चट्टे पडतात, वांग्याचे बी तपकिरी होते आणि टोमॅटोचा स्वाद जातो. ‘बाजारातल्या टोमॅटोला चव असते’ असे गिऱ्हाईक म्हणते, त्यात आठवणींचा भाग थोडा आणि शीतपेटीत न गेल्याचा भाग मोठा. रात्री सगळी भाजी एकाच शीतखोलीत ढकलणे ही दुकानाची सोय आहे. दोन खोल्या नसतील तर फळभाज्या बाहेर, वातानुकूलित हॉलमध्येच राहू द्याव्यात.

भाव कोण ठरवतो

मैदानात चार वाजता जुडी वीस रुपयांना असते. सातला ‘दोन तीसला’ सुरू होते. साडेआठला उरलेल्या जुड्यांचा ढीग दहा-दहा रुपयांवर येतो किंवा वाटे लावून जातो. हे ठरवायला विकणाऱ्या बाईला कुणाची परवानगी लागत नाही. समोर किती माल उरला, गिऱ्हाईक किती, ढग आले का, टेम्पोवाला घाई करतो का, हे पाहून ती भाव मोडते.

सुपरमार्केटात भाव मुख्य कार्यालयातून सकाळी संगणकात येतो आणि दुसऱ्या सकाळपर्यंत तोच राहतो. रॅकवर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला जुडी मरताना दिसते, पण त्याच्या हाती फक्त ती उचलून ‘डंप’मध्ये, म्हणजे फेकायच्या मालात, टाकणे असते. याचा हिशेब असा पडतो.

दुकान रोज ६० जुड्यांचा इंडेंट (मालाची मागणी) देते. जुडी दुकानात पोचते साडेबारा रुपयांना, म्हणजे खर्च ७५० रुपये. विक्री २० रुपयांनी ४२ जुड्या, जमा ८४०. उरलेल्या १८ डंप. हाती राहिले ९० रुपये, त्यातून वीज, माणूस आणि जागा.

आता त्याच ६० जुड्यांवर सात वाजता भाव १२ रुपये केला. काही गिऱ्हाईक उतरत्या भावाची वाट पाहतील, म्हणून पूर्ण भावाची विक्री ३८ धरू: ७६०. उतरत्या भावाने १६ गेल्या: १९२. डंप ६. जमा ९५२, हाती २०२. ‘भाव उतरवला तर लोक सकाळी घेणारच नाहीत’ ही भीती इथे चार जुड्यांच्या घटीत धरलेली आहे, तरीही हिशेब दुपटीवर जातो.

तिसरी पायरी बहुतेकांना रुचत नाही. इंडेंट ६० वरून ४८ वर आणायचा. खर्च ६००. पूर्ण भावाने ४०, उतरत्या भावाने ८, जमा ८९६, हाती २९६. रॅक साडेआठला रिकामा होतो आणि दोन-तीन गिऱ्हाइके मेथीविना परततात. साखळी दुकानांच्या शिकवणीत रिकामा रॅक हा गुन्हा मानतात, रात्री दहापर्यंत तो गच्च दिसलाच पाहिजे. पालेभाजीपुरता हा नियम सोडायला हवा असे आमचे ठाम मत आहे. बाजारात माल संपला की बाई गोणपाट झटकते आणि निघते. गिऱ्हाईक पुढच्या वेळी लवकर येते. संपणारा माल ताजा असतो हे त्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

भाव उतरवण्याचा अधिकार रॅकवरच्या माणसाला देताना दोन कुंपणे घालावीत. खालची मर्यादा ठरलेली असावी (इथे दहा रुपये) आणि उतरवण्याच्या वेळा दोनच असाव्यात, सात आणि सव्वाआठ. बिलिंगमध्ये त्यासाठी आधीच तीन वेगळे कोड तयार ठेवावेत. कोड नसला की काउंटरवर रांग अडते, कर्मचारी ओशाळतो आणि दुसऱ्या दिवसापासून भाव उतरवणे बंद पडते. योजना बहुतेक वेळा इथेच मरते.

चाचणीची मांडणी

आखूड वाट आणि उतरता भाव यांची चाचणी अशी घ्यावी. साखळीची तिन्ही दुकाने, आठवड्यातले दोन दिवस, फक्त सहा पालेभाज्या: मेथी, कोथिंबीर, पालक, शेपू, चाकवत, कांदापात. आठवडे बाजाराचा दिवस मुद्दाम टाळावा. ज्या मैदानाने त्या वस्तीला ताज्या भाजीची सवय लावली त्याचेच गिऱ्हाईक पळवण्यात शहाणपण नाही, आणि त्या दिवशी स्पर्धाही झेपत नाही.

प्रत्येक दुकानाला प्रत्येक भाजीच्या ४८ जुड्या, म्हणजे एकूण ८६४. सरासरी ३०० ग्रॅमची जुडी धरली तर सुमारे २६० किलो. साठ बाय चाळीस सेंटिमीटरच्या जाळीदार क्रेटमध्ये बावीसेक जुड्या उभ्या बसतात, त्यामुळे साधारण चाळीस क्रेट. हा माल एका ‘छोट्या हत्ती’त मावतो. गाडीचे जाऊन-येऊन तीन हजार धरले तर जुडीमागे साडेतीन रुपये. कलेक्शन सेंटर, वितरण केंद्र आणि रात्रीची दुसरी गाडी वगळल्यामुळे हा खर्च साडेबारा रुपयांतच बसवता येतो.

वेळापत्रक असे: साडेपाच ते साडेआठ उपटणी आणि बांधणी, शेडखाली निथळणी, दहाला गाडी भरून ताडपत्रीखाली ओले गोणपाट, दुपारी साडेबारा ते अडीचमध्ये तिन्ही दुकाने, लगेच चिलर, चारला रॅक. क्रेटमध्ये जुड्या मुळे खाली करून उभ्या ठेवायच्या. आडव्या थरांत खालच्या जुड्या दबतात आणि मधला थर तापतो. क्रेट काठापर्यंत भरला की वरचा क्रेट पाने चिरडतो, म्हणून चार बोटे रिकामी सोडायची.

कागदावर हे सरळ दिसते. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात बिघडते ते दुकानाच्या मागच्या दारात. मालाची आवक सकाळी घेण्याची सवय, दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी, नोंद करणारा माणूस एकच. गाडी पाऊणला येते आणि चौदा क्रेट सिमेंटच्या ओट्यावर तासभर तापत उभे राहतात. शेतापासून वाचवलेले सगळे त्या एका तासात निम्मे जाते. उपाय साधा आहे: पालेभाजीचे क्रेट आधी चिलरमध्ये, नोंद नंतर. पण तो लेखी नियम असावा लागतो, नाहीतर हिशेबनीस अडवतो.

दुसरा बिघाड जुडीचा. भाव जुडीवर असेल तर जुडी हळूहळू बारीक होत जाते. वजनावर असेल तर ओली येते. दोन्हींत शेतकऱ्याला दोष देऊन भागत नाही, मोजणी जिथे सैल तिथे माल सरकतोच. प्रत्येक खेपेला कुठल्याही दोन क्रेटमधल्या पाच-पाच जुड्या झटकून काट्यावर घालायच्या. सरासरी २५० ग्रॅमच्या खाली आली तर त्या खेपेचा भाव त्याच प्रमाणात कमी होईल, हे आधी ठरवायचे आणि तोलताना शेतकरी गटाचा माणूस शेजारी उभा ठेवायचा.

शेतकऱ्याच्या बाजूने

माल घेताना सुपरमार्केट फक्त पहिल्या प्रतीचा उचलते. उरलेला शेतकऱ्याला पुन्हा गाडीत घालून बाजार समितीत न्यावा लागतो, तिथे तो उशिरा पोचतो आणि पडेल भावाने जातो. त्यामुळे गुलटेकडीला, म्हणजे पुण्याच्या मार्केट यार्डात, भाव चढला की चांगला माल तिकडे वळतो, भाव पडला की सगळे सुपरमार्केटच्या दारात. बाजारात हा प्रश्न येत नाही, कारण तिथे सगळ्या प्रतींना जागा असते. मोठे टोमॅटो एका ढिगात, बारके दुसऱ्यात कमी भावाने, जास्त पिकलेले सारासाठी. दुकानानेही पूर्ण लॉट उचलून दोन प्रती मांडाव्यात. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासानुसार टोमॅटोसाठी ग्राहकाने मोजलेल्या रुपयातले सुमारे ३३ पैसेच शेतकऱ्याकडे जातात. मधले दोन टप्पे गाळणाऱ्या दुकानाने तो वाटा वाढवला नाही, तर मालाची बांधिलकी मागण्याचा त्याला हक्कही उरत नाही.

पालेभाजीचा भाव वर्षभरासाठी बांधू नये. शेकड्याचे (शंभर जुड्यांचे) दर आवक-पावसाप्रमाणे काही दिवसांत कितीतरी पटींनी हलतात, आणि एकाच आकड्यावर केलेला करार पहिल्याच तेजीत किंवा मंदीत मोडतो. टिकणारी पद्धत अशी: आदल्या दिवशीचा गुलटेकडीचा सरासरी दर (पणन मंडळ रोजचे बाजारभाव प्रसिद्ध करते) पायाभूत धरायचा, त्यावर बांधणी आणि वेळेसाठी ठरावीक अधिक रक्कम, आणि खाली एक किमान भाव. दर पडले तरी उपटणीची मजुरी निघाली पाहिजे. ती निघत नसेल तर शेतकरी उभ्या पिकात जनावरे सोडतो आणि पुढच्या खेपेला गाडी रिकामी येते.

पैसे त्याच दिवशी द्यावेत. बाजारातून परतताना शेतकऱ्याच्या खिशात रोकड असते. बिल पंधरा दिवसांनी निघणार असेल तर रुपया-दोन रुपये जास्त देऊनही तो टिकत नाही. तोलाई झाल्यावर त्याच संध्याकाळी यूपीआयने रक्कम जायला तांत्रिक अडचण कुठलीच नाही. अडचण असते ती मुख्य कार्यालयातल्या मंजुरीच्या तीन सह्यांची.

मालाविषयी बोलणारा माणूस

बाजारात ‘मेथी कडू आहे का’ विचारले की उत्तर मिळते: बारीक पानाची आहे, पराठ्याला चालेल, भाजीला ही शेजारची घ्या. दुकानात भाजी विभागावर आज बिस्किटांच्या रॅकवरचा मुलगा, उद्या दुसराच. चार ते नऊ या वेळेत एकच कायम माणूस ठेवावा आणि त्याला महिन्यातून एक पहाट शेतावर पाठवावे. कोवळे आणि जून पान, फुलावर आलेली मेथी, फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबावे लागते, हे त्याला सांगता आले पाहिजे.

फलकावर ‘ताजी’, ‘शेतातून थेट’ असे काही लिहू नये. गाव, तारीख आणि उपटणीची वेळ लिहावी: ‘मंचर परिसर, आज पहाटे ६’. फलक क्रेटला बांधलेला असावा, रॅकला नाही. क्रेट संपला की फलक उतरतो. रॅकला चिकटवलेला फलक पुढच्या आठवड्यातही तसाच राहतो, आणि गुरुवारी मंगळवारची तारीख वाचलेले गिऱ्हाईक पुन्हा त्यावर विश्वास ठेवत नाही.

बाजाराकडून जे घेऊ नये

शेतकरी बाजारातही घुसखोरी होते. मार्केट यार्डातून माल उचलून शेतकरी म्हणून बसणारा व्यापारी ओळखायला सोपा असतो: एकाच गाळ्यावर मेथी, लिंबू, लसूण आणि वर सफरचंदे. म्हणून आंध्र प्रदेशात १९९९ साली रयतू बाजार सुरू झाले तेव्हा शेतकऱ्यांना ओळखपत्रे दिली गेली आणि रोजचे भाव बाजारातच फलकावर लावण्याची पद्धत ठेवली. दुकानाने गटाकडून माल घेताना तोच धडा घ्यावा: कुणाच्या किती गुंठ्यांत काय पेरले आहे याची पेरणीवेळीच नोंद, आणि तेवढ्याच क्षेत्रातून निघेल त्याहून जास्त माल आला तर विचारणा. काट्याची वेळेवर पडताळणी, पक्के बिल, स्वच्छ पाण्याने धुलाई, पावसात कोरडे छप्पर या दुकानाच्या जमेच्या बाजू आहेत. त्या सोडून मैदानासारखे होण्यात गिऱ्हाइकाचे नुकसानच आहे.

चाचणीचे मोजमाप तीन आकड्यांत ठेवावे: उपटणी ते विक्री किती तास, शंभर जुड्यांमागे डंप किती, आणि उतरत्या भावाने गेलेला वाटा किती. तिसरा आकडा पाव हिश्शाच्या वर राहू लागला तर इंडेंट चुकतो आहे. भाव आणखी पाडण्याआधी मागणीचा आकडा कमी करावा. जुलै-ऑगस्टमध्ये सततच्या पावसाने मेथी वाफ्यातच सडते, गाडी अर्धी येते. त्या दिवसांत सहाऐवजी तीनच भाज्या मांडाव्यात आणि रिकाम्या जागेवर दोडका, घोसाळी, भोपळा अशा पावसाळ्यात येणाऱ्या वेलभाज्या लावाव्यात. बाहेरगावची दोन दिवसांची मेथी आणून जागा भरली, तर त्याच फलकाखाली शिळा माल विकला जाईल. गटाशी करार करतानाच हे कलम लिहून घ्यावे, म्हणजे पावसाळ्यात मुख्य कार्यालयाने रॅक भरण्याचा आग्रह धरला की दुकानाच्या व्यवस्थापकाला दाखवायला कागद असतो.